बंगळूरची नवी चावडी

परमुलखात बदली होऊन गेलेल्या मराठी माणसाचे पहिले दिवस कसे जातात, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. घराची किल्ली हाती येते, कचेरीतील माणसे ओळखीची होतात, दूधवाला आणि पेपरवाला ठरतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी मनुष्य सहज विचारल्यासारखे करून विचारतो, "इथं आपली मंडळी भेटतात कुठं?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र मंडळाच्या फलकावर मिळे, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीवर मिळे, किंवा एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाच्या ओटीवर मिळे. आज ते खिशातल्या दूरध्वनीत मिळते. चावडी खिशात आली, हा बदल सोयीचा आहे आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. पण चावडी म्हटली की ती कोणी बांधली, कोणाच्या पैशाने बांधली, तेथे कोणाची भाषा चालते, आणि ती एके दिवशी मोडली तर तेथे बोललेल्याचे काय होते, हे प्रश्न येतातच. ते इतिहासाचे प्रश्न आहेत. आणि भारतीय भाषांपुरती त्यांची उत्तरे शोधू लागले की पाऊले बंगळूरकडे वळतात.

शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी 'बेंगळुरू' झाले. आम्ही येथे मराठीच्या वहिवाटीप्रमाणे बंगळूरच म्हणतो. या गावाचा आणि मराठीचा संबंध संगणकाहून फार जुना. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या स्वारीबरोबर शहाजीराजे कर्नाटकात आले, केंपेगौडाचे बंगळूर त्यांच्या जहागिरीत पडले, आणि विजापूरकरांची चाकरी करीत असतानाही त्यांनी तेथे जो दरबार भरविला त्याचा लौकिक जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त नोंदवून ठेवला. हा जयराम राजापुढे बारा नारळ ठेवून आपण बारा भाषांत कविता करतो असे सांगता झाला, ही कथा प्रसिद्धच आहे. एकाच मालकाच्या छपराखाली अनेक भाषांची मंडळी आपापल्या भाषेत बोलत आहेत आणि मालक सर्वांस दाद देतो आहे, असा तो देखावा. पावणेचारशे वर्षांनी त्याच शहरात तोच बेत पुन्हा मांडला गेला. या वेळी मालक जहागीरदार नव्हते, भांडवलदार होते.

तथापि त्या बेताकडे जाण्यापूर्वी अक्षरांची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे, कारण अक्षर नसेल तर चावडीवर बोलणार काय? संगणक हे यंत्र रोमन लिपीच्या मापाने शिवलेले. देवनागरीला त्यात जागा करून देण्याचे काम सत्तरच्या दशकापासून कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये चालू होते. त्यातून निघालेले 'जिस्ट' हे तंत्र पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने वाढविले. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे प्रमाण त्याच काळातले. १९९१ साली जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड अवतरले, तेव्हा त्यातील देवनागरीचा तक्ता याच इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेला होता. हे सारे सरकारी पगारावर, गाजावाजा न करता झाले. ज्या कामाला आपण पुढे 'बाजारपेठ' म्हणू लागलो त्याचा पाया सरकारी नोकरांनी घातला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी मनाशी ठेवावी.

पाया घातला तरी घर लवकर उठले नाही. साध्या दूरध्वनीवरून लघुसंदेश पाठविण्याचे दिवस अनेकांना आठवत असतील. रोमन लिपीत लिहिले तर एका संदेशात १६० अक्षरे मावत. देवनागरीत लिहावयास घेतले की तीच मर्यादा ७० वर येई. शिवाय यंत्राचे मोजणे डोळ्यांच्या मोजण्याहून निराळे. 'विद्यार्थ्यांना' या शब्दात आपणांस चार अक्षरे दिसतात. यंत्र काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त अशी एकेक खूण वेगळी धरून पंधरा मोजते. म्हणजे चार-सहा शब्दांत संदेश संपला! परिणाम असा झाला की सुशिक्षित मराठी माणूस रोमन लिपीत मराठी लिहू लागला. 'ल' आणि 'ळ' एका पानात जेवू लागले, 'न' आणि 'ण' यांचा भेद बुडाला. मराठीच्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या 'ऱ'ची दशा तर विचारूच नये. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील अंतर डोंगर आणि समुद्र यांच्याएवढे. पण कित्येक यंत्रांनी ते बरीच वर्षे मान्य केले नाही.

या परिस्थितीत २०१५ साली शेअरचॅट निघाले. काढणारे तिघे तरुण, अंकुश सचदेवा, भानुप्रताप सिंग आणि फरीद अहसान, कानपूरच्याच आय.आय.टी.चे. त्यांचे पूर्वीचे अनेक उद्योग फसले होते. या उद्योगाची कल्पना त्यांना कशी सुचली याची त्यांनीच सांगितलेली हकीकत मोठी बोलकी आहे. सचिन तेंडुलकर यांच्या चाहत्यांसाठी एक व्हॉट्सॲप गट काढतो, असे कोणीतरी फेसबुकावर लिहिले होते. त्याखाली हजारो लोकांनी आपापले दूरध्वनी क्रमांक उघडपणे लिहून ठेवले होते. ज्या गृहस्थास आपण ओळखत नाही त्यास आपला क्रमांक देऊन 'मला आत घ्या' म्हणणारी ही माणसे कोण? ती इंग्रजी न वाचणारी, नव्याने दूरध्वनी हाती आलेली, आणि चार समानशील माणसांच्या शोधात असलेली माणसे होती. परगावी बदलून गेलेल्या कारकुनाच्या मनातला आणि त्यांच्या मनातला प्रश्न एकच.

शेअरचॅटचे बिऱ्हाड बंगळुरात पडले. आरंभीच्या थोड्या भाषांत हिंदी, मल्याळम व तेलुगू यांच्या जोडीला मराठी होती. इंग्रजी मात्र मुद्दाम ठेवली नव्हती. आत शिरताना प्रथम भाषा विचारली जाई, आणि मग त्या भाषेचे दालन उघडे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन माहितीचा दर कोसळला आणि या दालनांत माणसांचा लोंढा आला. तेथे काय होते? सुविचार, देवादिकांची चित्रे, विनोद, सकाळच्या शुभेच्छा, शेतीतील चार गोष्टी, नटनट्यांच्या छबी. साहित्यिक मंडळी याला हसली. आम्हीही ते वाङ्मय म्हणून वाखाणणार नाही. पण जात्यावरच्या ओव्या आणि दिंडीतले अभंग यांच्या शेजारी गावच्या पारावरच्या चकाट्याही भाषेतच होतात, आणि भाषा जिवंत ठेवण्यात त्यांचा वाटा लहान नाही. २०१९ साली खुद्द ट्विटरने पुढाकार घेऊन या कंपनीत १० कोटी डॉलरांची गुंतवणूक उभी करविली, यावरून परक्या व्यापाऱ्यालाही त्या चकाट्यांची किंमत कळली होती असे दिसते. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केली, तेव्हा याच कंपनीने दोन-तीन दिवसांत 'मोज' नावाचे लघुचित्रांचे ॲप उभे केले. बंगळूरच्या कारागिरीचे हे एक चांगले उदाहरण होय. कामाचा उरक त्या गावाला कधी कमी पडला नाही. कमी पडले ते दुसरेच काही, आणि ते 'कू'च्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसते.

अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिडावतका या दोघांनी २०२० च्या आरंभी कू सुरू केले, ते प्रथम कन्नडमध्ये. राधाकृष्ण हे भाड्याच्या मोटारींचा 'टॅक्सीफॉरशुअर' हा धंदा उभारून २०१५ साली ओलाला विकून मोकळे झालेले गृहस्थ. कूचे चिन्ह पिवळे पाखरू. ट्विटरचे निळे होते, यावरून काय ते समजावे. चारशे अक्षरांपर्यंत लिहावे, लिहिता येत नसेल तर बोलावे आणि यंत्राने ते टिपून घ्यावे, अशी सोय. पुढे मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, गुजराती, पंजाबी, बंगाली, असमिया आणि इंग्रजी मिळून दहा भाषा झाल्या. एका भाषेत लिहिलेले इतर भाषांत आपोआप उतरविण्याची युक्तीही झाली. जयराम पिंड्याचे नारळ मोजून दोनच कमी पडले! ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारच्या 'आत्मनिर्भर भारत' ॲप स्पर्धेत कूला पारितोषिक मिळाले. येथवरची वाटचाल सरळ होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या दिवसांत सरकार आणि ट्विटर यांचे वाजले. काही खाती बंद करा असा हुकूम, त्याची अर्धवट बजावणी, आणि त्यावरून खडाजंगी. त्या महिन्यात पीयूष गोयल यांच्यासारख्या मंत्र्यांनी आपण कूवर आलो असल्याचे जाहीर केले, आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने ट्विटरला द्यावयाचे उत्तर १० फेब्रुवारीस आधी कूवर प्रसिद्ध केले. मग खात्यांमागून खाती आली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना आपल्या खात्याचे तेथे खाते उघडण्याचा तोंडी किंवा लेखी आदेश आल्याचे स्मरत असेल. मार्च महिन्यात कंपनीतील चिनी गुंतवणूकदाराचा हिस्सा इतरांनी विकत घेतला. घेणाऱ्यांत म्हैसूरचे वेगवान गोलंदाज जवागल श्रीनाथ हेही होते. मे महिन्यात टायगर ग्लोबलच्या पुढाकाराने ३ कोटी डॉलर आले. जूनमध्ये नायजेरियाच्या सरकारने ट्विटर बंद केले आणि स्वतः कूवर येऊन बसले. ट्विटरची मालकी बदलल्यानंतर २०२२ च्या नोव्हेंबरात तेथे गोंधळ माजला, तेव्हा ब्राझीलमधून दोन दिवसांत दहा लाखांच्या घरात माणसे या पाखराकडे धावली. त्यात अर्धा मोह असा की पोर्तुगीज भाषेत त्या नावाचा उच्चार असभ्य होतो आणि तेथील टवाळ पोरांना आयतीच करमणूक मिळाली. बंगळूरच्या कंपनीने तोही विनोद हसतमुखाने सोसला.

या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. फेब्रुवारी २०२१, नायजेरिया, ब्राझील — प्रत्येक वेळी माणसे आली ती दुसऱ्या घरात भांडण झाले म्हणून. भांडण मिटले की ती परत गेली. नायजेरियाची बंदी जानेवारी २०२२ मध्ये उठली. मंत्र्यांनी ट्विटर सोडले नव्हतेच. रुसून माहेरी आलेल्यांच्या बळावर गाव वसत नाही. शेअरचॅटवर आलेला मनुष्य तेथे आपल्यासारखी माणसे शोधीत आला होता. कूवर त्याने मोठी माणसे काय म्हणतात ते ऐकण्यास यावे अशी योजना होती. त्यासाठी नामवंतांना आणावे लागे, आणि नामवंतांचे श्रोते दुसरीकडेच असल्यामुळे त्यांना येथे रमविणे फार कठीण. आमच्या मते कूच्या अपयशाचे बीज येथे आहे, भारतीय भाषांच्या दुबळेपणात नव्हे.

दुसरे कारण हिशेबाचे. दहा भाषांची चावडी म्हणजे एक मोठी चावडी नव्हे, ती दहा लहान चावड्या. रिकाम्या चावडीवर कोणी थांबत नाही. म्हणून प्रत्येक दालनात वेगळी माणसे भरावी लागतात, प्रत्येक भाषेतील शिवीगाळ ओळखणारा वेगळा माणूस किंवा वेगळे यंत्र ठेवावे लागते. मराठीत 'बाई' हा शब्द कोठे आदराचा आणि कोठे हिणवण्याचा, हे कन्नड दालनातल्या तपासनिसास कसे कळणार? २५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणी असलेल्या कंपन्यांवर तक्रार-निवारणाचे अधिकारी नेमण्याची व मासिक अहवाल देण्याची जबाबदारी टाकली; ती कूने पाळली, तिचाही खर्च आला. खर्च दहापट आणि जाहिरातीचा भाव मात्र देशी भाषांना नेहमीच कमी. मराठी मासिक चालविणाऱ्यांना हे गणित कोणी शिकविण्याची जरूर नाही. फरक इतकाच की मासिक वर्गणीदारांच्या आणि पदरमोडीच्या बळावर शंभर-दोनशे प्रतींवरही श्वास घेत राहते. सहा कोटी डॉलरांच्या आसपास परक्याचे भांडवल घेतलेल्या चावडीला तशी मुभा नसते. तिने वाढलेच पाहिजे, वाढली नाही तर मेले पाहिजे. २०२३ मध्ये पैशाचा ओघ आटला, नोकरकपात झाली, दुसऱ्या कंपन्यांत विलीन होण्याच्या वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या.

३ जुलै २०२४ रोजी संस्थापकांनी निरोपाचे पत्र काढले. भरभराटीच्या काळात रोज येणारे सुमारे २१ लाख, महिन्यात येणारे सुमारे १ कोटी, आणि नामवंतांची खाती नऊ हजारांवर, असे आकडे त्यात दिले आहेत. आपण २०२२ मध्ये भारतात ट्विटरला मागे टाकण्याच्या बेतात होतो, असाही दावा आहे. पत्र प्रांजळ आहे, त्यात कोणावर आगपाखड नाही. ते इंग्रजीत लिहिलेले होते, आणि लिंक्डइन या अमेरिकन कंपनीच्या चावडीवर लावलेले होते. हे सॉफ्टवेअर देशी भाषांतील संवादासाठी सार्वजनिक संपत्ती म्हणून देता येईल का याचा विचार करू, असेही त्यात एक वाक्य आहे.

सॉफ्टवेअर देता येईल. पण तेथे लिहिलेले काय झाले? आम्हांस अधिक हुरहूर लागते ती या प्रश्नाने. तीन-चार वर्षे लक्षावधी माणसे आपल्या भाषेत लिहीत होती. साथीच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी आणि खाटांसाठी लोक अशा सर्वच चावड्यांवर हाका मारीत होते. तो काळ पुढे कोणी लिहावयास बसला तर त्याला मुंबई-दिल्लीची वृत्तपत्रे मिळतील, सरकारी परिपत्रके मिळतील. सामान्य माणसाने आपल्या बोलीत काय म्हटले ते कोठे मिळणार? ऑर्कुटची गोष्ट अशीच झाली. २००४ साली गूगलने काढलेल्या त्या चावडीवर मराठी तरुणांनी गावांचे, किल्ल्यांचे, कवितांचे केवढे गट जमविले होते! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती बंद झाली. सार्वजनिक गटांतील लेखन काही काळ वाचावयास ठेवले होते, पुढे तेही काढून घेतले गेले.

राधामाधवविलासचंपू आज आपल्या हाती आहे तो इतिहासाचार्य राजवाडे यांच्यामुळे. हा मनुष्य गावोगाव हिंडून माळ्यांवरची, फडताळांतली, वाण्याच्या पुड्यांना जाऊ घातलेली कागदपत्रे गोळा करीत असे. त्यांतून हा ग्रंथ त्यांनी १९२२ च्या सुमारास छापून प्रसिद्ध केला. राजवाड्यांना ते शक्य झाले याचे कारण, कागद विसरला तरी उरतो. ज्या घराला आपल्या माळ्यावर काय आहे ते ठाऊक नाही, त्या घरातही तो दोनशे वर्षे पडून राहतो. संगणकातील लेखन विसरले की उरत नाही. त्याच्या जागेचे भाडे दरमहा भरावे लागते. शहाजीराजांची एक शाखा एकोजींबरोबर बंगळूरहून तंजावरास गेली. तेथे १८०३ साली सरफोजीराजांनी भोसलेकुळाचा सारा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवविला. तमिळ मुलखात, मराठी राज्य हातून गेल्यानंतर, दरबारी चिटणिसाच्या भाषेतला तो मजकूर आजही जाऊन वाचता येतो. कोणास हा खटाटोप हास्यास्पद वाटेल. तो करविणाऱ्यास आपल्या पश्चात येथे मराठी वाचणारा कोणी राहील की नाही याची धास्ती असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

सरकारने याचा विचार कधी केलाच नाही असे नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर आपल्या ग्रंथाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर ठरावीक ग्रंथालयांस पाठविण्याचे बंधन घातले. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रे आली. म्हणूनच परप्रांतातील एखाद्या मराठी मंडळाने काढलेली चार फर्म्यांची स्मरणिकासुद्धा कोठेतरी शिल्लक असते. चावडीवरील संभाषणाला हा कायदा लागू नाही. ते खासगी आणि सार्वजनिक यांच्या सीमेवरचे असल्याने लागू करावा म्हटले तरी सोपे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मंत्रालयांनी व सरकारी खात्यांनी कूवर जे प्रसिद्ध केले ते तरी शासकीय दप्तर होते. त्याची नक्कल आपल्या फायलीत ठेवा असे एखाद्या टिपणात नमूद करणे कोणाही अवर सचिवाच्या हातचे काम होते.

आणि दोष तेवढा सरकारलाच का द्यावा? परप्रांतातील एका मराठी मंडळाच्या सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या मध्यंतरी आमच्या पाहण्यात आल्या. जाड पुठ्ठ्याच्या, लाल पाठीच्या. कोणाच्या घरी कोजागिरी झाली, नाटकासाठी पडदा कोठून आणला, मुलांच्या मराठी वर्गाला किती मुले आली, कोण निवृत्त होऊन पुण्यास गेले, कोणाच्या निधनाचा ठराव झाला, सारे त्यांत आहे. एका कार्यवाहांनी तर वर्गणी चुकविणाऱ्यांची नावे तांबड्या शाईने लिहिली आहेत! शेवटची वही अर्ध्यावर थांबते. पुढचे कामकाज दूरध्वनीवरील गटात होऊ लागले. तो गट चालविणारे गृहस्थ दोन वर्षांनी बदलून गेले, त्यांचा दूरध्वनी बदलला, जुना मजकूर नव्यात उतरला नाही. मंडळ चालू आहे, उत्सव पूर्वीपेक्षा थाटाने होतो. वहीतली शेवटची नोंद गणेशोत्सवाच्या जमाखर्चाची आहे; शिल्लक पुढील पानावर नेली असे तिच्याखाली लिहिले आहे, आणि पुढील पान कोरे आहे.